नूतनीकरण

रुवीत आमचा रविवार शुक्रवारी येतो.
गुरुवारी रात्री उपदेश तयार करायला बसलो
तर पडद्यावर आधी बिल :
वर्षाला बावीस रियाल. गेल्या साली अकरा.
त्याआधी एकदाच घेतलं होतं, कायमचं,
दोन हजार आठला, ओव्हरटाइमच्या पैशांत,
पुठ्ठ्याच्या खोक्यातली चकती.

'कायमचं'चा मूळ ग्रीक अर्थ बघितला असता,
पण शब्दकोशाला आता कुलूप.

टिपा मात्र माझ्याच आहेत आत.
ईयोबाच्या एका ओळीशेजारी
बाबा गेले ती वेळ,
तिकीट मिळालं नाही, हेही तिथंच.
घर माझं आणि भाडेकरूही मीच.

बेन्यामीन भांबळ वरच्या बंकवरून म्हणतो,
भाऊ, छापील बायबल आहे की उशाशी.
आहे.
त्याच्या समासात सतरा वर्षं मावतील कशी?

बावीस रियाल म्हणजे जालन्यात
धाकटीची दोन महिन्यांची शिकवणी.
बायकोला फोनवर आकडा सांगितलाच नाही.

गोदामातली एक कोरी वही आणली,
आवक-जावकची.
मुदत संपायला सात दिवस,
एकेक टीप उतरवतोय.
ईयोब दूर आहे.
आज तिसरा दिवस,
उत्पत्तीच अजून संपत नाही.