फेरी

पावणेपाचची फेरी चोडणहून सुटते तेव्हा
तिच्यावर मी, माझी स्कूटर, दोन मासेवाल्या
आणि रात्रभर जागा असलेला बाबनी खलाशी.
"आज परत गोल गोल?" साखळी अडकवत तो विचारतो.
मी म्हणते, तू काय सरळ जातोस?
चोडण, रायबंदर. रायबंदर, चोडण.
तो हसतो, पाण्यात थुंकतो.

बांबोळीच्या चढावर हवा बदलते.
खाली राहतो मांडवीचा खारट ओलावा,
वर काजूच्या पानांचा आणि इस्पितळाच्या फिनेलचा वास,
मग एकदम ट्रॅक:
दिव्यांचे चार खांब, त्यातले दोन बंद,
लाल रबरावर दव,
सहाव्या लेनमध्ये झोपलेला कुत्रा.
त्याला कोणी उठवत नाही. आम्हीच वळसा घेतो.

रोक सर शिट्टी वापरत नाहीत.
एके काळी पोलिसांत होते, आता गुडघा गेलाय.
गळ्यात स्टॉपवॉच, हातात लॉटरीच्या तिकिटाएवढा कागद,
त्यावर आजचा हिशेब: चारशे गुणिले आठ.
मध्ये दोनशे चालायचं.
"चालायचं म्हणजे चालायचं. बोलायचं नाही."
आणि सगळे बोलतात.

तर्सिलाची सातला ड्यूटी,
पिशवीत इस्त्रीचा पांढरा गणवेश, घडी मोडू नये म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
गुरुदास खाणीवर ट्रक चालवायचा.
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पळतो, असं म्हणतो.
पण ट्रक उभा राहिला त्याच महिन्यात
त्याने बूट घेतले, हे आम्हाला ठाऊक आहे.
सृजा अठरा वर्षांची; आमच्या एका फेरीत तिच्या दीड होतात
आणि पुढे जाताना ती दर वेळी "सॉरी" म्हणते.
मी शेवटची. मला त्याचं काही वाटत नाही.
बहुतेक.

पहिली फेरी थापा मारते,
दुसरी तिच्यावर विश्वास ठेवते.
तिसरीत डावी पोटरी जुनं भांडण उकरून काढते
आणि वळणावर, जिथे दिवा बंद आहे,
दिसत नाही कोणीच,
फक्त श्वास ऐकू येतात, आपले कुठले, दुसऱ्याचे कुठले,
ओळखू न येणारे.

इथे इव्हो असायचा.
तो याहून कितीतरी जोरात पळू शकायचा,
पण आम्हा संथ लोकांसाठी घड्याळ होऊन पुढे राहायचा:
दोन मिनिटं दहा, दर फेरीला, एक सेकंद इकडे नाही.
ऑगस्टमध्ये पोर्तुगीज पासपोर्ट आला.
आता स्विंडनला गोदामात खोकी उचलतो.
आम्ही अजूनही पळतो त्याच्या मागे,
म्हणजे तो नाही त्याच्या मागे,
पुढे एका माणसाएवढी जागा सोडून.
कोणी ठरवलं नव्हतं.

सातव्या फेरीनंतर गुरुदास वाकून उभा राहिला.
तर्सिलाने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली,
नर्स ठेवते तशी, चेष्टा न करता,
आणि म्हणाली, तू बस. मीही बसते.

आठवीला मी पुढे होते.
मागे कोणी नव्हतं म्हणून पुढे,
यात पराक्रम काही नाही.
पण समोर पाठ नव्हती कोणाची,
नुसती पांढरी रेघ, ती वळत गेली
आणि मी तिच्याबरोबर.
इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी पडदा सारला.
कुठेतरी पोदेराचा भोंपू वाजला.

"दोन नऊ," रोक सर म्हणाले.
मग परत घड्याळाकडे पाहिलं,
चष्मा वर केला. "नऊच."

त्यांना मेसेज लिहिता येत नाही.
फोन तोंडाजवळ धरून, खोकून, एकेक आकडा सांगतात
स्विंडनमध्ये मध्यरात्री रोज "कितें?" विचारणाऱ्याला.
आज शेवटच्या आकड्यानंतर
थोडं थांबून माझं नाव घेतलं.

पायरीवर गरम पोळी, केळं,
बुटातून निघालेली एक लाल कणी.

परतीला बाबनीची पाळी अजून संपली नव्हती.
"किती झाल्या?"
आठ, मी म्हटलं.
"म्हजी अठरावी," तो म्हणाला
आणि साखळी लावली.