सोहार, बेड नंबर नऊ

तुमच्या डिप्लोम्यावर सात शिक्के होते.
लग्नाच्या दाखल्यावर पाच,
एकाची शाई फुटून माझं नावच बुडालेलं.
त्यासाठी रांगा लावल्या आपण, मुंबईत, मस्कतला.

या कागदावर एकच.
देवरुखला पाथरे वकिलांच्या खोलीत
पंख्याखाली पेपरवेट ठेवून तुम्ही लिहिलंत:
नळी नको. यंत्र नको.
गजाभाऊंनी साक्षीदार म्हणून सही केली,
मग म्हणाले, घाई काय आहे?

डॉक्टर इद्रीस कागद दोन्ही हातांनी घेतात.
मी वाचून दाखवते, हिंदीत, मग मोडक्या अरबीत.
ते पेनाचं टोपण काढतात, लावतात.
बहिणी, हा इथे चालत नाही.

यंत्र तुमची छाती उचलतं, खाली ठेवतं.
बावीस वर्षं रिफायनरीत झडपा फिरवल्यात तुम्ही,
कुठली कधी बंद करायची
कुणाला विचारावं लागलं नाही.

नर्स विचारते, साहेबांचा व्हिसा कधी संपतो?
अठरा दिवसांनी.
ती तारीख लिहून घेते.

मी कागद मिटते, जुन्याच घडीवर.
तिथे तो विरत आलाय,
बरोबर मधे,
'नळी' इकडे, 'नको' तिकडे.