झेलायला जागा

पहाटे पाचला, परांड्याच्या शिवारात,
आठ रांगा काचा पुसून झाल्यावर
कौशाबाई बादली पालथी घालून बसते
आणि तय्यब इंजिनिअर तिला
आभाळातलं सौरकेंद्र सांगतो.

छत्तीस हजार किलोमीटर वर, म्हणतो,
तिथं संध्याकाळ जवळपास नसतेच.
ढग सगळे खाली.
धूळ नाही, पारवे नाहीत,
काचा पुसायचं काम नाही.

"मंग मला काढून टाकतेत म्हण की,"
ती हसते, चंची सोडते.

मी कंट्रोल रूमच्या दारात.
हातात रात्रपाळीचं लॉगबुक:
एकोणीस वाजता शून्य. वीस वाजता शून्य.
मुंग्यांसारखी शून्यं, पार पहाटेपर्यंत.
सातला अख्ख्या तालुक्याला लाईट पाहिजे,
गिरणीला, टीव्हीला, दहावीच्या पोरांना,
आणि नेमकी तेव्हाच
आमची तीनशे एकर काच आंधळी.
बॅटरीचे दोन कंटेनर आलेत,
दीड तास रेटतात.
पुढं परळीचा कोळसा.

म्हणून मीच विचारतो: खाली येते कशी?
लहरींनी. तार नाही.
रांजणातून तांब्यात, तांब्यातून ओंजळीत,
तशी निम्म्याहून जास्त वाटेत सांडते.
उरते ती ढगातून, पावसातून सरळ उतरते,
रात्रीसुद्धा.
अंगावर पडली तर?
उन्हापेक्षा सौम्य, म्हणतो,
पण हे म्हणताना माझ्याकडं बघत नाही.

कौशाबाई चंची बांधते.
"आन उतरंल कुठं?"

तय्यब चपलेच्या टोकानं मातीत गोल काढतो.
झेलायला जाळी लागेल.
केवढी?
गोल पुसतो, मोठा काढतो.
तोही पुसतो.
कुंपणापाशी पाय अडतो तेव्हा थांबतो.
पाच-सहा गावं बसतील, एवढी.

"म्हंजे आभाळातली बी आमच्याच रानात."

पण जाळीतून ऊन पडतं, तो घाईनं म्हणतो,
खाली ज्वारी येईल.
इथं काचेखाली काय येतं?
सावली.
आणि सावलीत आमची लंगडी कुत्री,
चार पिल्लं घालून.

कौशाबाई बराच वेळ काही बोलत नाही.
मग उठते, कोपऱ्यातली शीट
अंगठ्यानं खरवडते.
"वरच्या काचंला तडा गेला तर
पुसायला कोण जातंय, तू?"

सहा चाळीस. काटा हलला.
चार दशांश मेगावॅट, दिवसाचं पहिलं.

शेऱ्यात लिहिलं:
टँकर आला नाही, एकशे सतरावी रांग राहिली.
वरच्या केंद्राविषयी चर्चा झाली.

दुसरं वाक्य खोडलं.