डोंग्याला झेंडा नसतो

लाखांदूरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. कागद उडू नयेत म्हणून त्यावर एक दगड.
इस्तारी नान्हे दुपारी आला, टोपलीत दोन मरळी.
"फी नाई साहेब, घरी नेतानी मरतीन, म्हनून."

त्याचा टीकाराम, तलावाच्या सोसायटीचा सभासद क्रमांक एकेचाळीस,
एजंटाला नव्वद हजार मोजून खलाशी झाला होता.
आता कुठल्याशा बेटावरच्या तुरुंगात.
बोट अडवली किनाऱ्यापासून तीनशे दहा मैलांवर,
बर्फाखाली सातशे किलो.
कशाचे, ते तिकडच्या वकिलानं पत्रात चारदा लिहिलंय.
इस्तारीला मी एकदाच सांगितलं.

बारा मैल पाणी त्या देशाचं, मी म्हटलं,
चोवीसपर्यंत थोडंफार त्याचं, दोनशेपर्यंत मासे त्याचे.
"आन् त्याच्यापुढं?"
त्यापुढं कोणाचंच नाही. बोटीवर तिच्या झेंड्याचा कायदा.
झेंडाच नसेल, किंवा तांडेलनं दोन काढून दाखवले,
तर कोणाचंही नौदल शिडी लावून चढू शकतं.

तो दगडाकडे बघत राहिला.
"आमच्या डोंग्याले कोठी झेंडा हाये?
म्हनून का कोनीबी चढन?"

चढले होते. ब्याण्णव साली, ठेकेदाराची माणसं.
तलावाची हद्द ठरायला अकरा वर्षं गेली,
कारण हद्दीचा दगड पावसाळ्यात पाण्याखाली जायचा
आणि पाहणीच्या तारखा पावसाळ्यातच पडायच्या.
तो दावा मी लढलो. जिंकलो म्हणतात.

आता बचाव.
चढण्याआधी परवानगी कोणाला विचारली.
न्यायाधीशापुढं उभं करायला एकोणीस दिवस का लागले.
पोती ओली मोजली की कोरडी.
माल त्या देशात उतरणार तरी होता का,
की नुसता समोरून चालला होता.
आणि शेवटी, सगळ्यात दुबळा म्हणून ठळक अक्षरांत:
पोत्यात काय होतं, मुलाला माहीत नव्हतं.

बापाचं शपथपत्र लागतं. मी लिहू लागलो.
इस्तारीनं कागदावर हात ठेवला.
"असं नोको लिहू.
अंधारात दोरी धरून सांगते तो,
जाळ्यात मरळ हाये का नुसती शेवाळ.
पोतं उचललं आन् समजलं नाई?
माज्या पोराले?"

झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं, कोणी ऐकलं नसावं.
इस्तारी, हे वाक्य या टेबलावरच राहू दे, म्हटलं.
"हा टेबल कोनाच्या हद्दीत येते?"
त्यानं विचारलं. हसला नाही.

मग सही केली,
सोसायटीच्या रजिस्टरात करतो तशी, आडनाव आधी.

संध्याकाळी आवरताना टोपली उघडली.
मरळी जिवंत. ओल्या गोणपाटात मरळ
दिवसभर श्वास घेते, हे तलावाकाठचं शेंबडं पोर सांगेल.
मरतीन, म्हणाला होता.
शपथेवर म्हणाला असता
तर तेही लिहून घेतलं असतं मी.