वीस सेकंद

नायादेतच्या मुलाचा जुना लॅपटॉप,
दोन अक्षरं गळालेला, बिजागरीला चिकटपट्टी,
आम्ही ठेवतो माशांच्या उलट्या क्रेटवर
आणि सभागृहातली बाकं भिंतीला लावतो.
पुएर्तो मोंतमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे
शेगडीत ओलं लाकूड, पत्र्यावर पाऊस,
आणि आमच्या हातांना, कितीही लिंबू चोळा, सामन मासा.

पानावर चार चौकोन, बाकी काही नाही.
काम चाळीस, विश्रांती वीस, फेऱ्या आठ,
आणि 'तयारी' दहा सेकंदांची,
जिच्यात यास्ना न चुकता बुटाची नाडी बांधायला बसते.
मग पान लाल होतं.
लाल म्हणजे उठाबशा, लाल म्हणजे गुडघे छातीला,
लाल म्हणजे एर्मेलिंदाचं धापा टाकत,
"देवा, हे फुकटात कोण करतं?"

कारखान्यात पट्टा असतो.
पट्ट्याला रंग नाही, घंटी नाही.
त्याचा वेग वरच्या मजल्यावर कोणीतरी वाढवतं
आणि खाली आमच्या मनगटांना आधी कळतं,
घड्याळाला नंतर.
सोळा वर्षांत एकाही यंत्रानं मला
विश्रांती घे म्हटलं नव्हतं.
म्हणून पहिल्या दिवशी पान हिरवं झालं
आणि आतली ती अनोळखी बाई म्हणाली, "देस्कान्सो",
तेव्हा आम्ही पाचही जणी तशाच उभ्या.
मी तर मागे वळून पाहिलं,
कोणाला सांगतेय ही?

हळूहळू जमलं.
वीस सेकंदांत पाणी पिऊन होतं.
वीस सेकंदांत रोसाउरानं सांगितलं,
नवरा परत आलाय,
आणि पान लाल झालं.
चाळीस सेकंद आम्ही उड्या मारत तिच्या तोंडाकडे बघत होतो.
पुढच्या हिरव्यात ती म्हणाली,
"ठेवून घेणार नाही."

मग तो जूनमधला मंगळवार. वारा असा
की खाडीतल्या बोटी दोरखंडांसकट ओरडत होत्या.
सातवी फेरी, फळी: कोपरं जमिनीवर, अंग सरळ,
माना वर, नजर आकड्यावर.
नऊ. आठ. सात.
सात.
सात.
लॅपटॉप गोठला होता. ते आम्हाला दिसत होतं.
तरी कोणी खाली येईना.
यास्नाच्या नाकावरून घाम टपकत होता,
माझी कोपरं थरथरत होती, रोसाउरा कण्हत होती,
आणि सात तसाच, लालभडक,
वरच्या मजल्यावरून बघितल्यासारखा.
आकडा सांगेपर्यंत थांबायचं नाही,
हे आमच्या हाडांना कोणी शिकवलं
ते विचारायलाही दम नव्हता.

एर्मेलिंदानं आधी गुडघे टेकले.
अठ्ठावन्न वर्षांची, दोन बोटं कायमची बधिर,
एकही फळी जिनं कधी पूर्ण केली नाही, ती
रांगत क्रेटपाशी गेली
आणि झाकण मिटलं. थाप्‌.
"पडा आता," म्हणाली. "वीस मी मोजते."

आम्ही पडलो. फरशी गार होती, छान होती.
एक, म्हणाली. दोन.
लपाछपीत लहान पोरांना वेळ द्यावा तशी मोजत होती.
सहावर नायादेतला विचारलं, आईचं ऑपरेशन कधी आहे.
अकरावर तिला हसू आलं, मग नऊपासून पुन्हा.
सतराला उठून शेगडीत लाकूड सारलं,
त्याचा धूर डोळ्यांत गेला म्हणून थोडं शिव्या देणं झालं,
अठरा.
एकोणीस.
आणि मग ती गप्प बसली,
भिंतीला टेकून, डोळे मिटून,
आणि पुढचा आकडा आम्हीही मागितला नाही.

बुधवारी सकाळी पट्ट्यावर
ती माझ्या समोर. टोपी, मास्क, फक्त डोळे.
मासे येत होते, वेग वाढवलेला होता.
इतक्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.
तिनं सुरीचा हात जरासा उचलला,
भुवयांनी विचारलं.
मी मान हलवली:
नाही, अजून एकोणीसच.