दोन लाल

लग्नाची प्लेट लावली की मी हिरवी दिसायचे.
साडी खरी डाळिंबी,
पडद्यावर शेवाळलेली.
अक्षता टाकणारे मामा
विहिरीतून आत्ताच वर काढल्यासारखे,
आणि मंगलाष्टकांच्या खाली उजव्या स्पीकरमधे
एक भुंगा, थांबायचं नाव नाही.

आधी प्लेट पुसली,
जुन्या बनियनने, मधून कडेकडे, गोल फिरवायचं नाही
हे निपाणीच्या भाचीने बजावलेलं.
मग रिमोटवर रंग शंभरावर नेला.
हिरवं आणखी हिरवं झालं.
हे म्हणाले, टीव्हीच गेला.
सासूबाई म्हणाल्या, थाप मार.
मारली.
खडेबाजारातला दस्तगीर येतो म्हणाला बुधवारी,
कुठल्या बुधवारी ते नाही.

शेजारी बसलिंगप्पांचा माग.
तो लागला की आमच्या पडद्यावर आडव्या रेघा.
त्यांची तक्रार आम्ही कधीच सोडली,
वडगावात राहायचं तर रेघा घरातल्याच.

त्या दिवशी कांड्या संपलेल्या, माग गप्प.
बसलिंगप्पा उंबऱ्यात उभे,
कांड्या भरून होईस्तोवर.
बघत राहिले.
"ही माझ्या मागावरची साडी," म्हणाले,
"बण्ण तप्पैतरी."
मी म्हटलं, सगळंच हिरवं येऊलंय ओ काका.
"हिरवं आलेलं न्हाई.
तांबडं गेलंय.
डाळिंबीतनं तांबडं काढलं की हेच उरतंय."
कोपरापर्यंत रंगाच्या हौदात
हात घालून म्हातारा झालेला माणूस.

बॅटरी घेऊन टीव्हीच्या मागे शिरले.
धूळ, पालीचं शेपूट,
कुठल्यातरी भाऊबीजेचं नाणं.
हिरवी तार हिरव्यात होती,
निळी निळ्यात, पांढरी पांढऱ्यात.
आणि लाल दोन.
दोन लाल टोकं, दोन लाल भोकं,
एक चित्राचं, एक आवाजाचं.
दिवाळीच्या सफाईत उपसून परत लावताना
एकाच्या जागी दुसरं बसलेलं.
कुणाच्या हातून, ते मी विचारलं नाही.
सफाई मीच केली होती.

म्हणजे इतके महिने
भुंगा म्हणून जो ऐकला
तो माझ्या साडीचा रंग होता.

उपसलं, बदललं.
भुंगा गेला.
मामांच्या अंगात रक्त आलं,
गुलाल गुलाल झाला,
आणि मी चौरंगावर बसलेली,
डाळिंबी, घाबरलेली.

बसलिंगप्पा दोन पावलं आत आले.
मला नाही, काठाला बघत होते.
"पदराजवळ एक दोरा सैल आहे,"
म्हणाले, "तवा दिसला न्हाई."
मी म्हटलं, मला अजूनही दिसत नाही.
ते म्हणाले, "हां."

पलीकडून त्यांच्या बायकोची कन्नडात हाक.
ते गेले, माग लागला,
आणि माझ्या डाळिंबीवरून
एक पांढरी रेघ
धोट्यासारखी सरकली,
या टोकाकडून त्या टोकाला.

हे दस्तगीरला फोन लावत होते,
येऊ नको म्हणायला.
तो उचलत नव्हता.