मागच्या पानावर

पिग्मीच्या वहीच्या मागच्या पानावर
मी दुसराच एक हिशेब ठेवतो :
तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर,
आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं
एका लिटरला गाडी किती पळाली.

मे महिन्यात अठ्ठावन्न.
आता, निपाणीत धुकं उतरल्यापासून,
बावन्न.
तीनदा भागून पाहिलं. बावन्नच.

पहिला संशय पंपावरच्या पोरावर.
शून्य बघा काका, म्हणतो तो रोज,
आणि मी शून्याकडं बघतो, देवाकडं बघावं तसं.
दुसरा स्वतःवर, दिवाळीत पोट सुटलंय.
तिसरा, कोगनोळीच्या नाक्यापलीकडनं
स्वस्त म्हणून टाक्या भरायला येणाऱ्या कागलच्या पोरांवर :
वरचं वरचं तेच नेत असतील, सायीसारखं.

दस्तगीर मिस्त्रीनं वाटी सोडली,
औषधाच्या रिकाम्या बाटलीत सगळं ओतलं
आणि उन्हात धरलं.
खाली बोटभर गढूळ, वर पिवळसर नितळ.
"पाणी धरलंय. इथेनॉल पाण्याला सोडत न्हाई.
त्यात सकाळचा गारठा,
तुमचा चोक बसस्टँडपर्यंत ओढलेला,
चाकात हवा न्हाई,
आणि ह्यात ऊस हाय काका.
पेट्रोलएवढी आग उसात कुठली?
वास घ्या."

घेतला.
संकेश्वरच्या रस्त्यावर रात्री
ट्रॉल्यांच्या मागं अडकल्यावर येतो तोच,
थोडा गोड, थोडा नासका, मळीचा.
म्हणजे ज्या उसामागं मी
पहिल्या गिअरमध्ये तेल जाळत रांगतो
तोच पुढं कधीतरी माझ्या टाकीत बसून
माझ्याबरोबर वसुलीला हिंडतो.
हिंडू दे.
पण लिटरमागं सहा किलोमीटर भाडं?

सहा किलोमीटर म्हणजे माझ्या लेखी अक्कोळ.
तिथं आता एकच खातं उरलंय,
कल्लव्वाचं. रोजचे दहा रुपये.
माझं कमिशन तीस पैसे.
जाऊन येऊन चोवीस रुपयांचं तेल.
हा हिशेब मी पुढच्या पानावर कधी आणला नाही,
मागच्यावरही नाही.

काल सांगायलाच गेलो :
मावशी, आठवड्यातनं एकदा येतो,
सत्तर एकदम देत जा.
ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
मी तिला सगळं सांगितलं, थंडी, चोक, ऊस,
बाटलीतली रेघसुद्धा.
मान न उचलता ऐकलं तिनं.
"थंडीचं पान बी तडकतंय की.
हजाराचं पान नऊशेतच संपतंय.
कंपनीला सांगून बघ जा."
मग कानडीत, स्वतःशीच : हंग इरतद.
असंच असतंय.

दोऱ्याची गाठ मारली, विडी सुपात टाकली.
"आणि सत्तर रुपये सात दिस
माझ्यापाशी ऱ्हात्यात व्हय रे?
तुझं तेल उडतंय, तशी माझी नोट उडती.
रोज नेलास तर हाय, न्हाईतर न्हाई."

पुढ्यात दहाची नोट.
तंबाखूनं पिवळी पडलेली, मऊ.
मी पावती फाडली. दुसरं काय करणार?

येताना उतारावर
इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलवर सोडली.
दोन्ही बाजूला तुटायला आलेला ऊस,
पाचटाची सळसळ ऐकू येईल एवढी शांतता.
सव्वा किलोमीटर असेल,
ओढ्याच्या पुलापर्यंत गाडी आपोआप आली.
तिथं थांबून वही काढली, मागचं पान उघडलं.

हे अंतर कशाला भागायचं?
पेन बराच वेळ उघडंच राहिलं.
मागनं ट्रॉलीचा हॉर्न वाजला
तेव्हा गाडी बाजूला घेतली
आणि किक मारली. तिसऱ्या किकला चालू झाली,
चोक ओढून.